टॉमी फ्लॉवर्स : एका अभियंत्याचें मौन

संगणकाच्या जन्माची कथा शाळेंत सांगितली जाते तेव्हां तींत अमेरिकेंतील ‘एनिअक’ या अवाढव्य यंत्राचें नांव हटकून येतें. आणि अलीकडे ब्लेचली पार्कविषयींचे चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं ॲलन ट्यूरिंग यांचेंहि नांव असतें. हीं दोन्ही नांवें आदरास पात्र आहेत व त्यांच्याविषयीं आमचा कांहीं आक्षेप नाहीं. आमचा आक्षेप आहे तो तिसरें एक नांव कोणाच्याच तोंडीं नसतें याला. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याकरितां ज्या ‘कोलोसस’ नांवाच्या यंत्रांनीं काम केलें, तीं कल्पिणारा, जुळविणारा आणि वेळेवर उभीं करून देणारा मनुष्य कोणी विद्यापीठांतील पंडित नव्हता, कीं सेनापति नव्हता. तो इंग्लंडच्या टपाल खात्यांतील टेलिफोनचा अभियंता होता. त्याचें नांव टॉमी फ्लॉवर्स. राष्ट्राच्या संरक्षणासाठीं राबणाऱ्या माणसाला राष्ट्र कसें वागवितें, आणि वास्तविक कसें वागवावें, याचा विचार करावयास आम्हांस या चरित्राइतकें बोलकें उदाहरण दुसरें आढळलें नाहीं.

फ्लॉवर्स यांचा जन्म २२ डिसेंबर १९०५ रोजीं लंडनच्या पूर्व भागांतील पॉप्लर या कष्टकऱ्यांच्या वस्तींत झाला. वडील गवंडीकाम करीत. बालपणींची त्यांची एक गोष्ट आमच्या बालवाचकांस आवडेल. घरीं धाकटी बहीण जन्मास आल्याची वार्ता त्यांना सांगण्यांत आली, तेव्हां, ‘त्यापेक्षां मेकॅनोचा संच आणला असता तर बरें झालें असतें,’ अशा अर्थाचे उद्गार या चिरंजीवांनीं काढले म्हणे! शाळा संपल्यावर वुलिच येथील शस्त्रागारांत त्यांनीं यांत्रिक कामाची उमेदवारी केली. दिवसभर हातांत कानस आणि हातोडा, आणि सायंकाळीं लंडन विद्यापीठाचे रात्रीचे वर्ग. अशा रीतीनें त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १९२६ सालीं ते टपाल खात्याच्या तारायंत्र व टेलिफोन विभागांत शिरले व १९३० सालीं त्याच खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधनशाळेंत दाखल झाले. पुढें जें कांहीं घडलें त्याचें बीज या संशोधनशाळेंतच पडलें, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे.

त्या काळीं टेलिफोनच्या जोडण्या विद्युच्चुंबकीय खटक्यांनीं होत असत. खटका म्हणजे हलणारा धातूचा तुकडा. त्याच्या गतीस मर्यादा आलीच. रेडिओंत असणारा काचेचा व्हॉल्व्ह तेंच काम हजारपट वेगानें करूं शकेल, हें फ्लॉवर्स यांनीं १९३५ च्या सुमारास ताडलें. परंतु व्हॉल्व्ह म्हणजे नाजूक वस्तु, तो केव्हां जळेल याचा नेम नाहीं. एका यंत्रांत शेंकडों व्हॉल्व्ह घातले तर रोज एक तरी बिघडणार, असा सर्वत्र समज होता. फ्लॉवर्स यांनीं प्रत्यक्ष हजारों व्हॉल्व्ह घालून टेलिफोनची उपकरणें करून पाहिलीं आणि त्यांना निराळाच अनुभव आला. व्हॉल्व्ह मरतो तो काम करून नव्हे, तर वारंवार तापून आणि निवून. आपल्या घरांतील जुन्या पद्धतीचा दिवा बहुधा बटण दाबतांक्षणींच जात असे, हें वडील माणसांस आठवत असेल. तेव्हां व्हॉल्व्ह एकदां चालू केले कीं बंदच करावयाचे नाहींत! किती साधी गोष्ट. पण ती पुस्तकांत नव्हती, ती हातानें काम करणाऱ्यासच गवसली. १९३९ च्या ऑगस्टमध्यें हे गृहस्थ कामानिमित्त बर्लिनमध्यें होते आणि युद्ध पेटण्यास अवघे कांहीं दिवस उरले असतां कसेबसे स्वदेशीं परत पोहोंचले. ते तिकडेच अडकून पडते तर काय होतें, याचा तर्क वाचकांनींच करावा.

आतां शत्रूच्या लिपीविषयीं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, कोलोससनें ‘एनिग्मा’ची लिपि फोडली. तें तसें नाहीं. एनिग्मा हें रणांगणावर हातानें चालविण्याचें यंत्र होतें. हिटलर व त्याचे मुख्य सेनानी यांच्यामधला महत्त्वाचा पत्रव्यवहार दूरमुद्रकावरून चाले व त्यासाठीं ‘लोरेंझ’ नांवाचें अधिक गहन यंत्र वापरीत. त्यास बारा चक्रें असून प्रत्येक अक्षराच्या पांच खुणांवर त्यांचें मिश्रण चढविलें जाई. इंग्रजांनीं या लिपीस ‘टनी’ हें एका माशाचें नांव ठेविलें होतें. ३० ऑगस्ट १९४१ रोजीं एका जर्मन तारवाल्यानें सुमारें ४००० अक्षरांचा एक संदेश चक्रांची मांडणी न बदलतां दोनदां पाठविला, आणि दुसऱ्या खेपेस आळसानें कांहीं शब्द आंखूड केले. तेवढ्या एका प्रमादावरून जॉन टिल्टमन यांनीं दोन्ही संदेश उलगडले, आणि केंब्रिजचा बिल टट नांवाचा तरुण गणिती (हाहि एका माळ्याचा मुलगा) यानें, तें यंत्र कधींहि डोळ्यांनीं न पाहतां, त्याची आंतील सर्व रचना केवळ तर्कानें शोधून काढली. बुद्धीचा हा पराक्रम किती मोठा, हें आम्ही शब्दांत सांगूं शकत नाहीं.

तथापि रचना कळणें निराळें आणि रोजच्या रोज येणारे संदेश वेळेंत वाचणें निराळें. टट यांच्या पद्धतीनें एका संदेशाची किल्ली काढावयास इतकी मोजणी करावी लागे कीं, ती हातानें संपेपर्यंत संदेशाचें महत्त्वच उरत नसे. म्हणून गणिती मॅक्स न्यूमन यांच्या सूचनेवरून १९४३ सालीं एक यंत्र तयार झालें. त्यांत छिद्रें पाडलेल्या दोन कागदी फिती एकमेकींशीं तंतोतंत जुळवून अतिवेगानें फिरवाव्या लागत. एक फीत किंचित् ताणली जाई, दुसरी तुटे, आणि सारी मेहनत फुकट. चमत्कारिक यंत्रांचीं व्यंगचित्रें काढणाऱ्या हीथ रॉबिन्सन यांचें नांव त्या यंत्रास तेथील मंडळींनीं दिलें, यावरून त्याच्या प्रकृतीची कल्पना यावी.

ट्यूरिंग हे फ्लॉवर्स यांना पूर्वींच्या एका कामावरून ओळखत असत. त्यामुळें या यंत्राच्या दुखण्यावर औषध सांगण्यास त्यांना बोलाविण्यांत आलें. फ्लॉवर्स यांनीं औषध सांगितलें नाहीं. हें यंत्रच टाकून द्या, असें सांगितलें. दुसरी फीत ठेवावयाचीच कशाला? तिच्यावर असतात तीं चक्रांचीं आवर्तनें. तीं व्हॉल्व्हमध्येंच उत्पन्न करतां येतील. मग फीत एकच राहील आणि जुळविण्याचा प्रश्नच मिटेल. मात्र त्यास दीड हजाराहून अधिक व्हॉल्व्ह लागतील. हा आंकडा ऐकून ब्लेचली पार्कच्या मंडळींनीं मान हलविली. इतके व्हॉल्व्ह एकाच वेळीं शाबूत राहणें शक्य नाहीं, आणि राहिले तरी यंत्र तयार होईतों युद्ध संपून जाईल, असें त्यांना वाटलें. त्यांनीं जुन्याच धर्तीचीं आणखी यंत्रें मागविलीं.

या प्रसंगीं फ्लॉवर्स यांनीं जें केलें त्यास आम्ही त्यांच्या सर्व कर्तृत्वाचा कळस मानतों. ते रुसून बसले नाहींत, वाद घालीत बसले नाहींत. डॉलिस हिलला परत येऊन, तेथील प्रमुख गॉर्डन रॅडली यांच्या पाठिंब्यावर, त्यांनीं तें यंत्र आपल्या जबाबदारीवर करावयास घेतलें. ब्रॉडहर्स्ट, चँडलर व कूम्ब्स हे त्यांचे मुख्य सहकारी. साहित्याकरितां त्यांनीं स्वतःच्या पदरचा पैसाहि घातला. अहोरात्र खपून, एक वर्ष भरण्याच्या आंतच, १९४३ च्या डिसेंबरमध्यें तें यंत्र डॉलिस हिल येथें चालूं लागलें. जानेवारी १९४४ मध्यें तें ब्लेचली पार्कला नेण्यांत आलें व ५ फेब्रुवारी रोजीं त्यानें पहिला संदेश हाताळला. फीत किती वेगानें पळविता येते हें पाहण्यासाठीं त्यांनीं वेग वाढवीत नेला, तेव्हां सेकंदास ९००० हून अधिक अक्षरांच्या वेगाला तिच्या चिंधड्या उडाल्या. मग ५००० अक्षरांचा वेग कायम करण्यांत आला. इतकीं अक्षरें एका सेकंदांत! आणि व्हॉल्व्ह? ते बंद करावयाचे नाहींत हा नियम पाळल्यामुळें क्वचितच जळत.

आतां ज्यांनीं मान हलविली होती त्यांनींच आणखी यंत्रांची मागणी केली, आणि तीहि १ जूनच्या आंत. मुदतीचें कारण फ्लॉवर्स यांस उघड सांगण्यांत आलें नव्हतें. २४०० व्हॉल्व्हचें, पहिल्याच्या पांचपट वेगाचें दुसरें यंत्र १ जून १९४४ रोजीं काम करूं लागलें; आणि ६ जून रोजीं दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. मुख्य हल्ला कॅलेच्या बाजूसच होणार या भ्रमांत जर्मन सेनानी होते, हें वाचलेल्या संदेशांवरून दोस्तांस कळत होतें. हल्ल्याच्या आदल्या दिवशीं सेनापति आयझेनहॉवर यांच्या हातीं कोलोससनें वाचलेला एक निर्णायक कागद देण्यांत आला, अशी एक गोष्ट फ्लॉवर्स वृद्धपणीं सांगत. इतिहासकार ती जशीच्या तशी मानीत नाहींत, आणि कोलोससमुळें युद्ध इतकीं वर्षें आधीं संपलें असे जे हिशेब सांगितले जातात तेहि अंदाजच होत. त्यांचा आधार न घेतांहि या कामाची थोरवी पुरेशी आहे. युद्ध संपेपर्यंत अशीं दहा यंत्रें चालूं होतीं. तीं रात्रंदिवस चालविणाऱ्या नौदलाच्या स्त्रीपथकांतील तरुण मुली होत्या, हें आमच्या विद्यार्थिनींनीं लक्षांत ठेवावें. पुष्कळजणींचें वय अठरा-वीस वर्षांचें. आणि त्यांनींहि कित्येक दशकें या कामाचा शब्द घरीं काढला नाहीं.

येथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पुढची तशी नाहीं. युद्ध संपल्यावर दहांपैकीं आठ यंत्रें मोडून टाकण्यांत आलीं. दोन यंत्रें सरकारच्या गुप्तवार्ता विभागानें जवळ ठेविलीं व तीं सुमारें १९६० पर्यंत टिकलीं. फ्लॉवर्स यांस हुकूम झाला कीं, सर्व आराखडे नष्ट करा. त्यांनीं ते डॉलिस हिल येथील भट्टींत घातले व जळतांना पाहिले. बक्षीस म्हणून एक हजार पौंड मिळाले. ते त्यांनीं खर्चिलेल्या रकमेसहि पुरले नाहींत असें म्हणतात, आणि त्यांतूनहि त्यांनीं आपल्या हाताखालच्या माणसांस वांटे दिले. पुढें तशाच प्रकारचें यंत्र बांधण्यासाठीं त्यांनीं बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलें, तर असें यंत्र चालणेंच शक्य नाहीं म्हणून तें नाकारलें गेलें, अशी हकीकत सांगतात. असें यंत्र मीं पूर्वींच करून चालवून दाखविलें आहे, हें एक वाक्य त्यांना उच्चारतां येत नव्हतें. याहून विचित्र संकट कारागिरावर कोणतें येणार? १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें सुमारें १८००० व्हॉल्व्हचा एनिअक जगापुढें मांडला. त्याचें कौतुक फ्लॉवर्स यांनीं निमूटपणें ऐकलें, आणि ते आपल्या टेलिफोनांकडे वळले.

आतां आमचें मत. युद्धकाळांत गुप्तता पाळली गेली ती योग्यच. त्याविषयीं दुमत असूं नये. एका शब्दानें शत्रु सावध झाला असता तर हजारों सैनिकांचे प्राण गेले असते. युद्धानंतरहि कांहीं काळ मौनाची आवश्यकता होती हें आम्ही मान्य करतों. कारण तसल्याच चक्रांच्या लिपी दुसरीं राष्ट्रें वापरीत होतीं आणि ती वाचतां येते हें त्यांस कळूं देणें शहाणपणाचें नव्हतें. परंतु लिपि वाचण्याची युक्ति लपविणें ही एक गोष्ट, आणि व्हॉल्व्हचें मोठें यंत्र भरंवशानें चालतें हें ज्ञान लपविणें ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठीं दुसरीचा बळी देण्याचें कारण आम्हांस तरी पटत नाहीं. आराखडे कुलुपांत ठेवतां आले असते; भट्टीच कशाला पाहिजे होती? स्वतः फ्लॉवर्स यांनींहि पुढें तें जाळणें ही मोठी चूक होती असें बोलून दाखविलें. त्यांनीं हुकूम पाळला, त्यांत त्यांचा दोष नाहीं; सरकारी नोकरानें दुसरें काय करावें? दोष हुकूम देणाराचा.

कोणी म्हणेल कीं, ज्ञान नष्ट झालें नाहीं, तें माणसांच्या डोक्यांतून पुढें गेलें. हें अर्धें खरें आहे. न्यूमन मँचेस्टर विद्यापीठांत गेले, आणि त्यांच्या प्रेरणेनें उभ्या राहिलेल्या कार्यांतून २१ जून १९४८ रोजीं, आज्ञावली स्वतःच्याच स्मृतींत सांठविणारा पहिला संगणक तेथें चालला. ट्यूरिंगहि संगणकाच्याच कामास लागले. कूम्ब्स व चँडलर यांनीं पुढें सरकारसाठीं एक संगणक बांधला. पण ज्यांच्या नांवामागें विद्यापीठ होतें त्यांना कांहीं न सांगतांहि मान मिळाला. त्यांच्या शब्दावर पैसा मिळाला. गवंड्याच्या मुलाला आपली लायकी सिद्ध करावयास कागद दाखवावा लागणार होता, आणि तो कागद तर भट्टींत गेला होता. गुप्ततेचा भार सर्वांवर सारखा पडला असें म्हणतात. आमच्या मतें तो मुळींच सारखा पडला नाहीं.

आणखी एक गोष्ट. कोलोसस हें आजच्या अर्थानें सर्व कामांस उपयोगी पडणारें यंत्र नव्हतें. त्याच्याकडून निराळें काम करून घ्यावयाचें तर बटणें आणि तारा बदलाव्या लागत, आणि आज्ञावली सांठविण्याची सोय त्यांत नव्हती. तेव्हां ‘पहिला संगणक’ कोणता या वादांत आम्ही शिरूं इच्छीत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, हजारों व्हॉल्व्ह एकत्र नांदूं शकतात हें ज्यानें प्रत्यक्ष सिद्ध केलें तो मनुष्य ‘ट्यूरिंग यांच्या यंत्राचा एक मदतनीस’ म्हणून ओळखला जाणें हा उघड अन्याय आहे. ट्यूरिंग यांचा कोलोससच्या बांधणीशीं प्रत्यक्ष संबंध जवळजवळ नव्हता. विचार करणारा श्रेष्ठ आणि करून दाखविणारा कनिष्ठ, ही उतरंड इंग्लंडांत होती. आमच्याकडे ती नाहीं असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. मुलगा घड्याळ उघडून बसला तर आपण त्याच्या पाठींत धपाटा घालतों, आणि तोच मुलगा पुढें अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं शिकवणीस जातो तेव्हां त्याच्यासाठीं कर्ज काढतों. स्क्रू फिरविणाऱ्या हाताला आणि गुण मिळविणाऱ्या डोक्याला आपण दोन निराळ्या माणसांचे अवयव समजतों कीं काय, न कळे. पालकांनीं याचा विचार करावा. रात्रीच्या वर्गास जाणाऱ्या, किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकणाऱ्या मुलाविषयीं चारचौघांत बोलतांना आवाज खालीं आणण्याचें कांहींएक कारण नाहीं.

फ्लॉवर्स यांच्या मौनावर पहिला उजेड पडला तो १९७५ सालीं, जेव्हां ब्रिटिश सरकारनें कोलोससचीं कांहीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. पुढील वर्षीं इतिहासकार ब्रायन रँडेल यांनीं अमेरिकेंत एका परिषदेंत त्याविषयीं निबंध वाचला. १९७७ सालीं न्यूकॅसल विद्यापीठानें फ्लॉवर्स यांस सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. त्यापूर्वीं त्यांच्या घरच्यांना एवढेंच माहीत होतें कीं, युद्धांत त्यांनीं कांहींतरी गुप्त आणि महत्त्वाचें केलें. १९९३ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांनीं हेंडन येथील महाविद्यालयांत घरगुती संगणक चालविण्याचा एक प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून त्याचें प्रमाणपत्र मिळविलें. हें वाचून आम्हांस हसूंहि आलें आणि डोळेहि पाणावले.

त्याच सुमारास टोनी सेल नांवाच्या अभियंत्यानें कोलोसस पुन्हां उभारण्याचें मनावर घेतलें. हातीं होतीं आठ छायाचित्रें आणि जुन्या कारागिरांनीं नियमाविरुद्ध जपून ठेविलेले जोडण्यांच्या आराखड्यांचे कांहीं तुकडे. बाकीचें वृद्धांच्या आठवणींतून गोळा करावें लागलें. १९९६ सालीं तें यंत्र प्रथम चालू करण्यांत आलें तेव्हां फ्लॉवर्स समक्ष हजर होते. तें काम पूर्णत्वास जाईतों २००७ साल उजाडलें. आज तें ब्लेचली येथील संगणक-संग्रहालयांत पाहावयास मिळतें, आणि त्याचे व्हॉल्व्ह अजून तापतात. फ्लॉवर्स २८ ऑक्टोबर १९९८ रोजीं निवर्तले. टनी लिपि कशी फोडली याविषयींचा, १९४५ सालीं लिहिलेला सविस्तर सरकारी अहवाल लोकांस वाचावयास खुला झाला तो २००० सालीं.